नेमाची नाव

शहादा, १६ जानेवारी २०२५

चि. प्रियल हिस काकासांचे आशीर्वाद. जय जिनेन्द्र.

तू दिलेलं भाषांतराचं सॉफ्टवेअर फुकट होतं. फुकटचं कितीला पडलं त्याचा हिशेब लिहितो.

कॉम्प्युटरवर चढवायला दोन सकाळी गेल्या. दोन्ही दिवस माझं सामायिकाचं ध्यान चुकलं, म्हणून तुझ्या काकीसा माझ्याशी फक्त वाट्या आपटून बोलल्या. ते चालायचं. भोंगेवाला म्हणून तापीच्या दोन्ही काठांवर जमवलेली अब्रू गेली. तीही पुन्हा जमवीन, पहिली काही कोणी आंदण दिली नव्हती. पण धनुबाईची ऑपरेशनची पाळी गेली. ती मला परत आणता येत नाही. खरी किंमत तेवढीच, बाकी सगळी चिल्लर.

झालं ते असं. पुण्याच्या एका ट्रस्टचं डोळ्यांचं शिबिर तापीकाठी प्रकाशा गावी होतं. गावोगाव निरोप देण्याचं काम माझ्याकडे. पूर्वी मी रिक्षाला भोंगा बांधून पुकारायचो, आता निरोप मोबाइलवर जातो. ट्रस्टने एक्सेलची इंग्रजी फाइल दिली, तुझ्या सॉफ्टवेअरने तिची मराठी केली. ती अशी: ‘नाव उद्या सकाळी नऊ वाजता डोळे तपासणीसाठी येणे. स्थळ प्रकाशा.’

मला काही वावगं दिसलं नाही. कचेरीचे निरोप असेच घशात घास अडकल्यासारखे असतात. पण प्रकाशाच्या समोरच्या काठावरच्या गावाने तो वाचला असा, की डोळे तपासायला न्यायला नऊ वाजता नाव येणार आहे. पुलावरून त्यांना लांबचा वळसा पडतो. म्हाताऱ्यांची सोय केली म्हणून लोकांनी ट्रस्टला दुवा दिला, आणि सगळी मंडळी गोधड्या पांघरून नदीकाठी जाऊन बसली. धनुबाई सगळ्यांत पुढे. तिला नाव दिसणार नव्हती, म्हणून ती वल्ह्याचा आवाज ऐकत होती. ऊन चढल्यावर कोणीतरी शहाणपण केलं आणि सगळे वळसा घालून प्रकाशाला पोचले. तोवर डॉक्टरांची गाडी गेलेली.

धनुबाई कोण ते तुला कोणी सांगितलं नसेल. रतिलाल पाटलांची ती विधवा. सायकलला कापडाचं गठुडं बांधून मी पहिल्यांदा तिच्या दारात गेलो, तेव्हा पुस्तकी मराठीत विचारलं, ‘पाणी मिळेल का?’ ती म्हणाली, “पानी शे. पन आसं मास्तरसारखं मांगशी ते तुन्हा कपडा कोन लेई?” माझी शाळा तीच. अहिराणी मी तिच्या ओट्यावर शिकलो, कापड नंतर विकलं. दरवर्षी राखी बांधते.

तिचा एक डोळा मागेच गेला. उरलेल्यात मोतीबिंदू पिकलाय. डॉक्टर होळीआधी आणखी एकदा येतील, मग थेट दिवाळीनंतर. इतके दिवस तो डोळा थांबायचा नाही, असं त्यांनीच मला सांगितलं.

तर सॉफ्टवेअरने हे का केलं, ते मला फोन करून सांग.

काकासा

---

पुणे, १९ जानेवारी २०२५

ती. काकासा,
सा. जय जिनेन्द्र.

फोन करत नाही, लिहिते. फोनवर तुमचे कान फार लागतात. मी जे बोलले नाही तेही तुम्ही ऐकता.

ट्रस्टची मूळ फाइल मी उघडून पाहिली. वाक्याच्या सुरुवातीला महिरपी कंसात ‘नेम’ हा इंग्रजी शब्द होता. तो वाक्यातला शब्द नाही, कोड आहे. निरोप पाठवणारं यंत्र यादी उघडतं आणि त्या कंसांच्या जागी एकेकाचं खरं नाव बसवतं. तारीख आणि गाव यांचेही असेच कंस असतात. सॉफ्टवेअरला कोणी सांगितलं नाही तर त्याला कोड आणि बोलणं यांतला फरक कळत नाही. त्याने ‘नेम’चं ‘नाव’ केलं. गोष्ट सोपी आहे, त्याला कोड ओळखायला शिकवायचं की झालं.

पण एक कळलं नाही. सॉफ्टवेअर शब्द बदलेल, कंस काढणार नाही. कंस राहिले असते तर निरोप विचित्र दिसला असता आणि कोणीतरी विचारलं असतं. ते कंस कोणी काढले?

सेटिंग मी करून पाठवते. खरंच सोपं आहे. एक नमुना द्यायचा, तो फाइलभर लागू होतो. आमच्या ऑफिसात हे रोज चालतं, सोपं काम आहे. धनुबाईंना पुढच्या शिबिराची पाळी मिळेलच ना?

काकीसांना नमस्कार.

प्रियल

---

शहादा, २३ जानेवारी २०२५

चि. प्रियल,
अनेक आशीर्वाद.

कंस मी काढले. पीळ भरलेल्या मिशांसारखे ते वाक्यावाक्याला बसले होते. मला वाटलं ट्रस्टच्या कारकुनाचा हात थरथरतो. मी गिऱ्हाइकाला कापड देताना लोंबते धागे कापून देणारा माणूस. बसलो आणि सगळ्या मिशा भादरल्या. वर ट्रस्टला सांगितलं, तुमची फाइल साफ करून दिली, त्याचं वेगळं काही घेत नाही.

‘कोड’ म्हटल्यावर मला काय कळणार? लग्नपत्रिकेत ‘श्री.’च्या पुढे ठिपके असतात, घरोघरी देताना तिथे नाव भरायचं असतं, ही ती जागा आहे, असं कोणी म्हटलं असतं तर मी हात लावला नसता. ठिपक्यांच्या जागी ‘ठिपके’ असं छापणारा छापखानावाला मी आजवर पाहिला नाही. तुझं सॉफ्टवेअर तसं निघालं.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचलं. ‘नेम’ ऐकल्याबरोबर तुझ्या काकीसा आतून म्हणाल्या, “नेम घेतला असेल तर मोडायचा कशाला? मोडला, भोगा आता.” मी समजावत बसलो, की हा चातुर्मासातला नेम नव्हे, इंग्रजीतला. त्या म्हणाल्या, “कुठलाही असो. नेमाला हात लावायचा नसतो.” तुझ्या सेटिंगमध्ये याहून जास्त काही असेल असं मला वाटत नाही.

काल धनुबाईकडे गेलो होतो. ओट्यावर बसून शेंगा चाचपून फोडत होती, शेजारची कालीबाई सोबतीला.

“कोन शे?”

“मी, भीकम.”

“नाव लई उना का?”

नाव घेऊन आलास का, म्हणे. कालीबाई इतकी हसली की तिच्या सुपातल्या शेंगा सांडल्या. मी म्हटलं, “बहीन, चूक व्हयनी. आते बराबर निरोप येई.”

“तुन्हा निरोप तुन्हाजोडे ठेव. बठ्ठं गाव माले नाववाली म्हनस. आते मी कोठे जावाव नही.”

“डोया जाई, बहीन.”

“जाऊ दे. दोन व्हतात तव्हय काय दखं? तुन्हं लुगडं. एक धुवामा रंग उडी गया.”

हसण्यावारी नेलं तिने, पण आवाज खाली बसला होता. रागावलेली धनुबाई मला ठाऊक आहे. ही रागावलेली नव्हती. लोकांपुढे तासन्‌तास पाण्याकडे कान लावून बसल्याची तिला लाज वाटते. आंधळ्या माणसाचं हसं झालं की तो पुन्हा घराबाहेर पाय काढत नाही. तेव्हा पाळी मिळेल का, एवढाच आता प्रश्न नाही. ती उठेल का, हा आहे.

आणि पत्रातही मला ऐकू येतं बरं का. ‘सोपं आहे’ असं तू तीनदा लिहिलंस. सोपी गोष्ट माणूस एकदा सांगतो.

काकासा

---

पुणे, २ फेब्रुवारी २०२५

ती. काकासा,
सा. नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. दोनदा लिहिलं आणि खोडलं.

तुम्ही ऐकलंत ते खरं आहे. मी डिसेंबरमध्ये तुम्हाला ते सॉफ्टवेअर पाठवलं तेव्हाच कोडची सेटिंग सोबत पाठवायला हवी होती. मला माहीत होतं. परदेशी कंपनीची फाइल आली तर तिला हात लावण्याआधी मी हे करते, मग खोट्या नावांनी चालवून पाहते, मग दुसऱ्या कोणाकडून तपासून घेते. तुमच्या कामाला यांतलं काहीच केलं नाही. घरचं काम, डोळ्यांचं शिबिर, दोन ओळींचे निरोप, चालून जाईल असं वाटलं. तिकडच्या बूट विकणाऱ्याच्या जाहिरातीला तीन चाळण्या आणि धनुबाईंच्या निरोपाला एकही नाही. कंस तुम्ही काढलेत हे कळल्यावर क्षणभर मला बरं वाटलं. ते जास्त वाईट होतं.

आता सेटिंग. एक्सेलच्या फाइलसाठी सॉफ्टवेअरमध्ये एक खिडकी आहे, तिच्यात नमुना लिहायचा. नमुन्याचा अर्थ असा: उघडणारा महिरपी कंस, मग काहीही, मग बंद होणारा कंस. एवढं दिसलं की सॉफ्टवेअर त्यावर कुलूप लावेल आणि भाषांतर करताना तो तुकडा एका बंद डबीसारखा दिसेल. डबी तुम्ही वाक्यात इकडून तिकडे उचलून ठेवू शकता, उघडू शकत नाही. काकीसांनी सांगितलं तसंच. ज्या रकान्यांत गणिताची सूत्रं आहेत ते मी आधीच झाकून टाकलेत.

सोबत पायऱ्या लिहून पाठवल्या आहेत. करून पाहा, आणि काय दिसतं ते जसंच्या तसं कळवा.

प्रियल

---

शहादा, ५ फेब्रुवारी २०२५

चि. प्रियल,
आशीर्वाद.

तिसऱ्यांदा खोडलं नाहीस ते बरं केलंस. त्यावर मी काही लिहीत नाही. दुकानात मीही नातेवाइकाला ताग्याचं शेवटचं टोकच देत आलो, आणि नातेवाईक तेच घेत आले. ही आपली जुनी खोड आहे.

सेटिंग केली. जसंच्या तसं कळवतो: सगळं वाक्य कुलपात गेलं. सुरुवातीच्या ‘नेम’पासून शेवटच्या गावापर्यंत एकच लांबलचक डबी, आत काय लिहिलंय त्याला हात लावू देत नाही. भाषांतराला हातात उरला एक पूर्णविराम. त्याचं मी भाषांतर केलं, चांगलं झालंय.

काकासा

---

पुणे, ६ फेब्रुवारी २०२५

ती. काकासा,
सा. नमस्कार.

चूक माझी. ‘मग काहीही’ असं सांगितलं की हा नमुना हावरट होतो. आमच्या धंद्यात त्याला खरोखरच हावरट म्हणतात. पहिला कंस दिसला की तो जेवायला बसतो आणि सगळ्यांत शेवटचा बंद कंस येईपर्यंत ताटावरून उठत नाही. मधले कंस, मधलं बोलणं, सगळं पोटात. त्याला सांगावं लागतं की पहिला बंद होणारा कंस आला की उठायचं. त्यासाठी ‘काहीही’च्या मागे एक प्रश्नचिन्ह लावायचं. बस, एक प्रश्नचिन्ह. नवा नमुना खाली दिलाय.

या वेळी मी आधी स्वतः चालवून पाहिला, खोट्या नावांनी. मग ऑफिसातल्या मैत्रिणीकडून तपासून घेतला. कुलपं बरोबर बसतात.

पण आता नवीनच अडचण दिसते. या खेपेला ट्रस्टची गाडी गावोगाव येणार आहे. यंत्र गावाचं नाव यादीतून उचलतं आणि आपलं ‘ला’ त्याला चिकटतं. ‘प्रकाशाला’ ठीक. पण ‘धानोराला’, ‘शहादाला’. पुढे ‘गाडी येईल’. कानाला खटकतं. प्रत्येक गावाचं सामान्यरूप वेगळ्या रकान्यात भरावं लागेल, आणि जिथे चुकेल तिथे पुन्हा हसं. काय करू?

प्रियल

---

शहादा, १२ फेब्रुवारी २०२५

चि. प्रियल,
आशीर्वाद.

प्रश्नचिन्ह लावलं, हावरटपणा गेला. तुझ्या काकीसांना सांगितलं तर म्हणाल्या, “यंत्रालासुद्धा आयंबिलाचा उपास करावा लागतो, तुम्हालाच जमत नाही.”

तुझी ‘धानोराला’ची अडचण वाचून मी दोन दिवस विचार करत होतो. मग बाजारात ऐकली ती गोष्ट लिहितो. भाजीवाली एसटीच्या कंडक्टरला म्हणत होती, “धानोराले थांबी का?” मी तिथेच उभा राहिलो. धानोराले. शहादाले. अहिराणीत गावाचं नाव मोडत नाही बेटा. शाळेची मराठी गावाला वाकायला लावते, धानोरा असेल तर म्हणते आधी धानोऱ्या हो, मग तुला ‘ला’ लावते. आमची बोली गावाला आहे तसं उभं राहू देते आणि शेजारी ‘ले’ ठेवते. तुझ्या डबीला हवी तीच भाषा. चाळीस वर्षं मी ती बोलतोय आणि कधी लक्षात आलं नाही.

तेव्हा निरोप अहिराणीत द्यायचा, आणि वाचायला नव्हे, ऐकायला. फोन वाजेल, माणूस उचलेल, आतून मी बोलेन: ‘अमुक, डोयास्नी तपासनीनी गाडी अमुक गावले अमुक वेळले येई. तयार ऱ्हाज्यात.’ बोलण्याचा भाग एकदाच रेकॉर्ड केला. नावं, गावं आणि वेळा सुट्या सुट्या रेकॉर्ड केल्या, यंत्र हवं ते उचलून कंसाच्या जागी ठेवील. गोधड्यांच्या खोलीत बसून यादीतलं एकेक नाव घेतलं, तिथे आवाज घुमत नाही.

एवढी नावं एका बैठकीत मी कधी घेतली नव्हती. भोंग्यावरून पुकारताना ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ म्हटलं की काम व्हायचं. इथे गिरधर म्हटलं की गिरधर समोर येऊन बसायचा, दगाभाऊ म्हटलं की त्याचा फेटा दिसायचा. मग जरा थांबून पुढचं नाव. धनुबाईपाशी अडलो. तिचं नाव मी तोंडाने कधी घेतलेलंच नाही. मी ‘धनुबाई’ म्हटलेलं तिने ऐकलं तर तिला वाटेल तहसीलचा माणूस आलाय. म्हणून तिच्या रकान्यात नाव भरलं नाही. तिथे ‘बहीन’ बोललो.

ती उठेल का, असं मी मागे लिहिलं होतं. आता सांगतो, उठेल. तापीच्या दोन्ही काठांवर माझा आवाज न ओळखणारा माणूस अजून जन्मायचाय. यंत्राच्या निरोपावर तिचा विश्वास उडालाय, भावाच्या आवाजावरचा उडणार नाही. फोनमधून ‘बहीन’ ऐकलं की शेंगांचं सूप बाजूला ठेवून ती दारात येऊन उभी राहील. हे मी लिहून देतो, पत्र जपून ठेव.

काकासा

---

पुणे, १८ फेब्रुवारी २०२५

ती. काकासा,
सा. नमस्कार.

ट्रस्टच्या ऑफिसात आज गेले होते. तिथल्या बाईंनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि म्हणाल्या, “ही कुठली मराठी? आमचे निरोप प्रमाण भाषेत जातात.” मी म्हटलं, “मागचा प्रमाण भाषेतच गेला होता.” त्या म्हणाल्या, “ते नावेचं प्रकरण तुमचंच का?” मी हो म्हटलं. परवानगी मिळाली.

तुमचे तुकडे जोडून मी पूर्ण यादी कानाने ऐकली, एकही सोडला नाही. गाव मोडत नाही. ‘बहीन’चा रकाना आला तेव्हा हेडफोन काढून ठेवला थोडा वेळ.

एक भीती आहे, ती लपवत नाही. कोड बरोबर आहे, भाषा बरोबर आहे, तरीही त्या नाही उठल्या तर? ते दुरुस्त करायला माझ्याकडे खिडकी नाही.

प्रियल

---

शहादा, ३ मार्च २०२५

चि. प्रियल,
अनेक आशीर्वाद.

आली. परवा सकाळपासून मी प्रकाशाच्या केंद्रावर दाराशी उभा होतो. एकेक गाडी येत होती, माणसं उतरत होती, आणि ज्याचं त्याचं नाव मला ठाऊक होतं, कारण गोधड्यांत बसून सगळ्यांना मी आधीच भेटलो होतो. पलीकडच्या काठाची गाडी सगळ्यांत शेवटी आली. आधी कालीबाई उतरली, मग तिचा हात धरून धनुबाई.

मी पुढे झालो नाही. रांगेत होती, तिथून तिला बाजूला काढायचं नव्हतं. डॉक्टरांनी तपासलं आणि त्याच गाडीने नंदुरबारला ऑपरेशनला नेलं. आज पट्टी निघाली. दिसतं म्हणतात. मी अजून भेटलो नाही, दोन दिवस गर्दी नको म्हणून सांगितलंय.

काल बाजारात मला तीन माणसांनी थांबवून सांगितलं, भीकमभाऊ, तुमचा फोन आला. जणू मी एकेकाला स्वतः लावला होता. मीही नाही म्हटलं नाही. तुझ्या काकीसांना सांगितलं, बघितलंत, एका हाकेवर आली. भोंगा गेला, यंत्र आलं, उद्या आणखी काही येईल, पण शेवटी माणूस माणसाच्या आवाजाला उठतो. तुझं प्रश्नचिन्ह महत्त्वाचं होतंच, मी काढून घेत नाही. पण तिला दारात आणलं ते त्या एका शब्दाने.

ट्रस्टने पुढच्या शिबिरांचंही काम दिलंय. तोरणमाळकडच्या गावांना पावरीत निरोप हवेत म्हणतात. त्या भाषेत गावाची नावं मोडतात की नाही, ते ऐकायला मी वर जाणार आहे.

काकासा

---

पुणे, ७ मार्च २०२५

ती. काकासा,
सा. नमस्कार.

तुमचं पत्र ऑफिसात वाचलं आणि मैत्रिणीला वाचून दाखवलं. धनुबाईंचा डोळा वाचला, एवढ्यावर मला थांबायला हवं. पण तुम्हीच कानाची सवय लावलीत, म्हणून विचारते.

निरोप पाठवणारं यंत्र प्रत्येक फोनची नोंद देतं: पोचला, उचलला, किती वेळ ऐकला. जवळजवळ सगळ्यांनी शेवटपर्यंत ऐकलाय. कालीबाईंनी दोनदा ऐकलाय. धनुबाईंच्या नंबरापुढे मात्र ‘पोचला नाही’ असं आहे. जानेवारीच्या निरोपालाही तसंच. माझ्या सेटिंगमध्ये कुठे भोक राहिलं असेल तर पावरीच्या निरोपाआधी ते बुजवायला हवं, नाहीतर वर तोरणमाळला आणखी कोणाचा फोन असाच वाजायचा राहील. नंबर चुकीचा आहे का, एवढं त्यांना भेटून विचाराल?

आणि त्या मग आल्या कशा?

प्रियल

---

शहादा, ११ मार्च २०२५

चि. प्रियल,
आशीर्वाद.

काल गेलो होतो. धनुबाई ओट्यावर काळा चष्मा लावून बसली होती. मी दिसलो तशी चष्मा वर करून बघत राहिली. म्हणाली, “तू इतला म्हतारा कव्हय व्हयना?”

मी म्हटलं, “तुन्हा डोयामा दोष शे अजून.”

“डोयामा नही. तुन्हा चेहरामा शे. आनी हाई सदरा कोठला? रंग जाई.”

अशी घटकाभर तिने माझी हजेरी घेतली. मला आनंद झाला. चहा झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “मन्हा आवाज आयका ना तू, फोनमा?”

“कसाना फोन?”

“निरोपना. बहीन म्हंत मी.”

तिने कालीबाईकडे पाहिलं. कालीबाई म्हणाली, “माले उना व्हता फोन. दोनदाव आयका मी, वेळ बराबर ध्यानमा ऱ्हावाले. हिले सांगं तर म्हने, परत नावच व्हई. मंग गाडी दारशे येई उभी ऱ्हायनी. तरी उठे ना. मी हात धरीसन लई गऊ, म्हनं, लाव हात.”

“लावा मी हात,” धनुबाई म्हणाली. “गाडीना पत्रा थंडगार व्हता. नावले हात लावता येत नव्हता ना. मंग गाडीमा बठनी.”

तुझ्या सेटिंगमध्ये भोक नाही. नंबरही बरोबर आहे, मी यादीशी ताडून पाहिला. फोन तिने कोनाड्यातून काढून माझ्या हातात दिला. त्यात दिवाळीपासून रिचार्ज नाही.

काकासा